स्तनदाह, चार दिवसांचा खंड आणि सर्दीची गोळी: एक प्रकरण अभ्यास

आजारी मातेला औषध लिहून देताना स्तनपान थांबवण्याचा सल्ला अनेकदा सहजपणे दिला जातो, कारण तो देणाऱ्याला सुरक्षित वाटतो. पुढे मांडलेल्या प्रकरणात हाच सल्ला दिला गेला आणि त्यामुळे मातेचा आजार वाढला, दूध आटू लागले व बाळ अंगावर पिईनासे झाले. ज्या औषधाची सर्वांनी धास्ती घेतली होती ते बाळासाठी जवळपास निरुपद्रवी होते. याउलट जी गोळी कोणी औषध म्हणून मोजलीच नव्हती, तिने दुधावर परिणाम केला असावा, असे मानण्यास सबळ कारण होते. मातेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आजाराची सुरुवात

माता २९ वर्षांची, पहिलटकरीण. प्रसूती पूर्ण दिवसांची व नैसर्गिक. बाळाचे जन्मवजन ३.१० किलो होते. पहिल्या आठवड्यात बहुतेक नवजात बाळांप्रमाणे ते थोडे घटले आणि चौदाव्या दिवशी ३.१४ किलो भरले, म्हणजे जन्मवजन वेळेत परत आले होते. विसाव्या दिवशी ते ३.२८ किलो होते. दिवसातून सहापेक्षा जास्त वेळा बाळाला लघवी होत होती. बाळ केवळ अंगावरच्या दुधावर होते आणि ते दूध त्याला पुरत होते. या आकड्यांची नोंद इथे मुद्दाम केली आहे, कारण पुढे "हिला मुळातच दूध कमी होते" असे घरात म्हटले जाऊ लागले आणि स्वतः मातेलाही ते खरे वाटू लागले.

एक तक्रार मात्र पहिल्या आठवड्यापासून होती. उजव्या स्तनाग्राला भेगा पडल्या होत्या आणि बाळाने तोंड लावताच काही क्षण असह्य कळ येत असे. "सुरुवातीला असे होतेच, सवय होईल" एवढेच तिला सांगण्यात आले होते. स्तनपानाच्या सुरुवातीला थोडी हुळहुळ होणे समजण्यासारखे आहे, पण भेग पडणे, रक्त येणे आणि प्रत्येक वेळी पाजण्याची धास्ती वाटणे ही बाळाची पकड उथळ असल्याची खूण असते. तेव्हाच कोणी तिच्यापाशी बसून बाळाला पाजताना पाहिले असते, तर पुढचे बरेच काही टळले असते असे मला वाटते.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळी तिला थंडी वाजून आली, अंग मोडून निघाले, डोके दुखू लागले आणि नाकही थोडे चोंदले. सर्दी-ताप असावा असे समजून तिने घरात असलेली सर्दीची संयुक्त गोळी दिवसातून तीन वेळा घ्यायला सुरुवात केली. दोन दिवसांनी उजव्या स्तनाच्या बाहेरील खालच्या भागात पाचरीच्या आकाराचा लाल, कडक आणि गरम पट्टा दिसू लागला. स्तनदाहाची, म्हणजे स्तनाला येणाऱ्या वेदनादायक सुजेची, सुरुवात पुष्कळदा अशीच फ्लूसारखी होते आणि स्तनाकडे लक्ष जायला एखादा दिवस जातो. इथे दोन दिवस गेले, कारण त्या गोळीत पॅरासिटामॉल होते आणि त्याने ताप दबून राहिला.

तेविसाव्या दिवशी तिने जवळच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी स्तनदाहाचे निदान अचूक केले आणि सेफॅलेक्सिन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, दहा दिवस असे लिहून दिले. स्तनदाहात बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू आढळतो आणि त्यावर हे प्रतिजैविक योग्य आहे. मात्रा बरोबर होती, कालावधीही बरोबर होता. त्यासोबत दिलेले वाक्य मात्र चुकले: "औषध संपेपर्यंत अंगावर पाजू नका." दूध काढत राहा, असेही तिला सांगितले गेले नाही. सर्दीच्या गोळीविषयी कोणी विचारले नाही, म्हणून ती चालूच राहिली.

आमच्याकडे आली तेव्हा

बाळ सत्तावीस दिवसांचे असताना ती आमच्या बाह्यरुग्ण विभागात आली. येण्याचे कारण तिने सांगितले ते स्वतःच्या दुखण्याचे नव्हते. "बाळ आता छातीशी धरले की रडते, तोंड फिरवते. आणि दूधही राहिले नाही." चार दिवस बाळाला बाटलीने वरचे दूध दिले जात होते. पहिले दोन दिवस दोन्ही स्तन दगडासारखे कडक झाले होते. सहन होईना तेव्हा ती दिवसातून दोनदा हाताने थोडे दूध काढून टाकत होती. तिसऱ्या दिवसापासून डावा स्तन मऊ पडला, उजव्याचा ठणका मात्र वाढत गेला.

तपासणीत ताप ३८.६ अंश सेल्सिअस होता. उजव्या स्तनावरचा लाल पट्टा पहिल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर नोंदवला होता त्यापेक्षा रुंद झाला होता. प्रतिजैविकाचे चार दिवस पूर्ण होऊनही ताप उतरत नसेल तर गळू झाले आहे का हे पाहावेच लागते. म्हणून त्याच दिवशी स्तनाची सोनोग्राफी केली. पू साठलेला नव्हता, सूज आणि दाब होता. दुधाचा नमुना जंतुपरीक्षेसाठी पाठवला. दोन दिवसांनी अहवाल आला, त्यात सेफॅलेक्सिनला दाद देणारा स्टॅफिलोकोकसच आढळला. म्हणजे औषध चुकलेले नव्हते. तुंबलेला आणि सुजलेला स्तन औषधाच्या कामात अडथळा ठरत होता, हाच निष्कर्ष सर्वात सयुक्तिक होता.

बाळाचे वजन ३.४४ किलो होते, म्हणजे वाढ ठीक होती. जिभेखालचा पडदा, टाळू, तोंड यांत काही दोष नव्हता.

प्रतिजैविकाचा हिशेब

मातेच्या मनातून भीती काढायची असेल तर "काही होत नाही" एवढे म्हणून भागत नाही. एका डॉक्टराने थांबवा म्हटलेले असताना दुसऱ्याने चालू ठेवा म्हटले, तर तिने विश्वास कोणावर ठेवायचा? म्हणून आम्ही तिच्यासमोर कागदावर हिशेब मांडला.

तिचे वजन ६० किलो. दिवसाला २,००० मिलिग्रॅम सेफॅलेक्सिन म्हणजे दर किलो वजनामागे सुमारे ३३ मिलिग्रॅम. हे औषध दुधात फारच थोडे उतरते. दिवसभर दर लिटर दुधात २ मिलिग्रॅम असते असे धरले, आणि बाळ दिवसाला दर किलोमागे १५० मिलिलिटर दूध पिते हे नेहमीचे गृहीतक घेतले, तर ३.४४ किलोच्या बाळाच्या पोटात दिवसभरात सुमारे १ मिलिग्रॅम औषध जाते. म्हणजे दर किलोमागे ०.३ मिलिग्रॅम, मातेच्या मात्रेच्या एका टक्क्याच्या आसपास. या टक्केवारीला बाळाची सापेक्ष मात्रा म्हणतात आणि ती १० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळासाठी औषध साधारणपणे स्वीकारार्ह मानले जाते. याच बाळाला उद्या संसर्ग झाला आणि हेच औषध त्याला थेट द्यावे लागले, तर डॉक्टर दिवसाला दर किलोमागे २५ ते ५० मिलिग्रॅम देतील. दुधातून मिळणारी मात्रा त्याच्या जवळपास शंभराव्या भागाइतकी होती.

दहा टक्क्यांची ही रेषा डोळे झाकून वापरण्याची नाही. बाळ अकाली जन्मलेले असेल, त्याचे मूत्रपिंड किंवा यकृत अशक्त असेल, किंवा औषधच विषारी स्वरूपाचे असेल, तर एक टक्कासुद्धा जास्त ठरू शकतो. बाळाचे वयही पाहावे लागते. नवजात बाळ औषध शरीराबाहेर टाकायला जास्त वेळ घेते, तर वरचे अन्न खाणारे आठ महिन्यांचे मूल मुळात दूधच कमी पिते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत स्तनातील पेशींमधल्या फटी उघड्या असल्याने औषध दुधात सहज उतरते, पण तेव्हा चिकाचे प्रमाणच इतके थोडे असते की बाळाला मिळणारी एकूण मात्रा कमीच राहते.

औषध दुधात किती उतरेल हे त्याच्या गुणधर्मांवरून बऱ्याच अंशी आधी सांगता येते. रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटून राहणारी औषधे दुधात कमी येतात. मोठ्या रेणूंची औषधे जवळपास येतच नाहीत. स्निग्ध पदार्थात विरघळणारी जास्त येतात. दूध रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असल्यामुळे सौम्य अल्कधर्मी औषधे त्यात अडकून राहतात. आणि दुधात आलेले औषध बाळाच्या आतड्यातून शोषलेच गेले नाही, तर त्याची काळजी उरत नाही. रक्ताच्या गुठळ्या रोखणारे हेपॅरिन आणि मधुमेहावरील इन्सुलिन ही त्याची सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणे आहेत.

मग पहिल्या डॉक्टरांनी स्तनपान का थांबवले? त्यांना दोष देऊन मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. औषधाच्या माहितीपत्रकावर बहुधा "स्तनदा मातांनी टाळावे" असे छापलेले असते, आणि त्यामागे बऱ्याचदा धोक्याचा पुरावा नसून अशा मातांवर चाचण्या झालेल्या नसणे हे कारण असते. दुसरे कारण म्हणजे गर्भावस्थेतील आणि स्तनपानातील धोक्यांची सरमिसळ. औषधांचा धोका दाखवणारी ए, बी, सी, डी, एक्स ही अमेरिकी अक्षरश्रेणी गर्भासाठी होती, दुधासाठी नव्हती. २०१५ पासून तिथल्या नव्या माहितीपत्रकांतून ती हटवायला सुरुवात झाली, तरी अनेकांच्या मनात ती अजून आहे. रक्त पातळ करणारे वॉर्फरिन गर्भाला घातक आहे. तेच औषध रक्तातील प्रथिनांना इतके बांधलेले असते की पाजणाऱ्या मातेला ते देता येते. एका अवस्थेची मनाई दुसऱ्या अवस्थेला लावली की असे सल्ले जन्माला येतात. प्रत्येक औषधाची स्वतंत्र नोंद पाहणे हाच मार्ग आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची लॅक्टमेड ही स्तनपान आणि औषधांविषयीची माहितीसूची २००६ पासून सर्वांना मोफत उपलब्ध आहे आणि आम्हीही तिचाच आधार घेतला.

सर्दीची गोळी

औषधांचा पूर्ण इतिहास विचारताना आम्ही "आणखी काही घेता का?" असे विचारत नाही, कारण त्याचे उत्तर बहुधा "नाही" असेच येते. दुकानातून आणलेल्या गोळ्या, घरातले जुने औषध, मलम, नाकातले थेंब, काढे, जीवनसत्त्वे असे एकेक नाव घेऊन विचारतो. "सर्दीची गोळी" या शब्दांवर ती थांबली आणि पिशवीतून पाकीट काढून दाखवले. पॅरासिटामॉल, गुंगी आणणारे एक अँटिहिस्टामिन (ॲलर्जीवरचे औषध) आणि चोंदलेले नाक मोकळे करणारे ६० मिलिग्रॅम स्यूडोएफेड्रिन. सहा दिवस, दिवसाला तीन. शेवटची गोळी त्याच सकाळी घेतली होती.

स्यूडोएफेड्रिन बाळापर्यंत थोडेच पोहोचते, एखादे बाळ त्याने चिडचिडे होऊ शकते. खरा प्रश्न दुधाच्या निर्मितीचा आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात आठ मातांना ६० मिलिग्रॅमची केवळ एकच मात्रा दिली, तेव्हा पुढच्या चोवीस तासांत दुधाचे प्रमाण सरासरी २४ टक्क्यांनी घटले. इथे तशा अठरांच्या आसपास मात्रा गेल्या होत्या, त्याही दूध अजून पक्के बसलेले नसताना, आणि स्तन रिकामे करणे जवळपास बंद असताना.

दूध का आटले याचे नेमके श्रेय किंवा अपश्रेय वाटून देता येणार नाही. स्तनात दूध साचून राहिले की त्यातील घटक आणि वाढलेला दाब हेच पुढील निर्मितीला लगाम घालतात. बाळाचे ओढणे थांबल्यावर प्रोलॅक्टिन या दूध निर्माण करवणाऱ्या संप्रेरकाचे उसळणेही थांबते. त्यामुळे चार दिवसांचा खंड एवढे एक कारणही पुरेसे होते. माझे मत असे, की खंड हे मुख्य कारण आणि गोळी हे भर घालणारे कारण. गोळी मात्र त्या क्षणापासून बंद करण्यासारखी होती आणि तिच्याशिवाय मातेचे काहीच अडणार नव्हते. चोंदलेल्या नाकासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब पुरेसे होते.

"म्हणजे मी जे थांबवायला हवे होते ते घेत राहिले आणि जे चालू ठेवायला हवे होते ते थांबवले," असे ती म्हणाली आणि रडू लागली. तिला हे स्पष्टपणे सांगणे भाग होते की यात तिची चूक नव्हती. तिने सांगितलेले तंतोतंत पाळले होते.

उपचाराचा आराखडा आणि त्यातील पेच

सेफॅलेक्सिन चालू ठेवले. दुखणे आणि सूज यांसाठी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, खाल्ल्यानंतर, असे दिले. दुधात त्याचे प्रमाण इतके कमी असते की बाळाची सापेक्ष मात्रा एका टक्क्यापेक्षाही कमी भरते. पाजून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे गार शेक घ्यायला सांगितला. गाठ जोराने चोळणे, फणीने किंवा यंत्राने दाबणे पूर्ण बंद करायला सांगितले, कारण त्याने आतील सूज आणि इजा वाढते.

पेच पुढे होता. पूर्वीची शिकवण अशी, की स्तनदाहात तो स्तन वारंवार आणि पूर्ण रिकामा करावा. २०२२ साली अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी ही शिकवण बदलली. सुजलेला स्तन पंपाने पुन्हा पुन्हा उपसला तर निर्मिती आणखी वाढते आणि सूज टिकून राहते, म्हणून बाळाला लागेल तेवढेच पाजावे, असे त्या सूचना सांगतात. पण आमच्या मातेचे दूध आटले होते आणि ते परत आणायचे तर मागणी वाढवणे आवश्यक होते. एकाच शरीराला दोन उलट सूचना द्यायच्या होत्या. आम्ही स्तनांचा स्वतंत्र विचार केला. डाव्या बाजूला प्रत्येक पाजण्यानंतर दहा मिनिटे पंप, दिवसातून सहा वेळा. उजव्या बाजूला फक्त बाळाचे पिणे, आणि बाळाने घेतले नाही तर आराम पडेपर्यंतच हाताने काढणे. हा तोडगा कोणत्याही पुस्तकात जसाच्या तसा लिहिलेला नाही. परिस्थिती पाहून घेतलेला तो निर्णय होता.

बाळाला पुन्हा अंगावर घेणे हे सर्वात नाजूक काम ठरले. भुकेने रडणाऱ्या बाळाला छातीशी दाबून धरले की त्याचा नकार पक्का होतो. म्हणून आधी बराच वेळ उघड्या छातीवर त्याला नुसते झोपवायचे आणि अर्धवट झोपेत तोंड हलवू लागले की जवळ घ्यायचे असे ठरवले. त्याआधी हाताने दोन-चार थेंब काढून पान्हा सुरू करून ठेवायचा, म्हणजे पहिल्याच ओढीला दूध मिळते. वरचे दूध लागेल तेवढे चालूच ठेवले, मात्र बाटलीऐवजी छोट्या पेल्याने. दूध वाढावे म्हणून बाळाला उपाशी ठेवणे हा उपचार नव्हे.

पकड सुधारण्यासाठी पहिल्याच भेटीत पाऊण तास दिला. बाळाचे पोट मातेच्या पोटाला टेकलेले, डोके आणि धड एका रेषेत, नाक स्तनाग्रासमोर. तोंड मोठे उघडेपर्यंत थांबायचे आणि मग हनुवटी आधी टेकवत जवळ घ्यायचे, जेणेकरून केवळ अग्र न येता खालच्या बाजूचा काळसर भागही तोंडात जाईल. डाव्या बाजूला तिसऱ्या प्रयत्नात बाळाने तोंड लावले आणि चारेक मिनिटे प्यायले. कळ आली नाही, हे तिने दोनदा सांगितले.

पुढील वाटचाल

एकोणतिसाव्या दिवशी ताप उतरला. तेहतिसाव्या दिवसापर्यंत लाली गेली, एक सुपारीएवढी घट्ट जागा उरली, तीही हळूहळू विरली. ती विरेपर्यंत आम्ही दर आठवड्याला पाहत राहिलो, कारण उपचारानंतरही टिकून राहणारी गाठ किंवा लाली असेल तर दाहक स्वरूपाचा कर्करोग नाही ना, याची खात्री करावी लागते. बाळाला मधे तीन दिवस शी थोडी पातळ झाली. घरच्यांनी लगेच दूध थांबवण्याचा विषय काढला. प्रतिजैविकाचा अंश आतड्यातील जंतूंवर परिणाम करतो, त्यामुळे असे होऊ शकते. बाळ खेळते होते, लघवी पुरेशी होती, तोंडात पांढरे चट्टे नव्हते, शीमध्ये रक्त नव्हते. काही न करता ते थांबले.

वरचे दूध सुरुवातीला दिवसातून आठ वेळा होते. सदतिसाव्या दिवशी ते दोन वेळांवर आले आणि चव्वेचाळिसाव्या दिवशी बंद झाले. प्रत्येक टप्पा वजन पाहून ठरवला: चौतिसाव्या दिवशी ३.६० किलो, एकेचाळिसाव्या दिवशी ३.७७, अठ्ठेचाळिसाव्या दिवशी ३.९५. उजव्या स्तनात दूध डाव्यापेक्षा थोडे कमीच राहिले, बाळाचे मात्र त्यावाचून अडले नाही.

सहाव्या आठवड्यात गर्भनिरोधनाचा विषय निघाला. तिच्याकडे जुन्या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन्ही संप्रेरके असलेल्या) होत्या आणि त्याच सुरू करण्याचा तिचा विचार होता. त्यातील इस्ट्रोजेनने दूध घटू शकते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार पाजणाऱ्या मातेने त्या सहा आठवड्यांआधी घेऊ नयेत, पुढे सहा महिन्यांपर्यंतही सहसा टाळाव्यात. नुकतेच परत आलेले दूध पणाला लावण्याचे कारण नव्हते. तिने केवळ प्रोजेस्टिन असलेली गोळी निवडली.

आपण पाहतो त्या बहुसंख्य औषधांसाठी पाजणे थांबवावे लागत नाही. काहींसाठी मात्र खरोखर लागते आणि ते तिलाही सांगितले. कर्करोगावरील बहुतेक रसायने आणि थायरॉइडसाठी दिले जाणारे किरणोत्सारी आयोडीन ही त्यांत प्रमुख. वेदनाशामकांमध्ये कोडीन आणि ट्रॅमाडॉल टाळावे, कारण काही मातांचे शरीर त्यांचे तीव्र घटकांत वेगाने रूपांतर करते आणि बाळाचा श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबाबत स्पष्ट इशारा दिला आहे. कोडीन खोकल्याच्या औषधांतही असते, म्हणून सर्दीच्या गोळीवरून शिकलेली सवय, म्हणजे पाकिटावरील घटक वाचण्याची, तिला तिथेही उपयोगी पडणार होती.

तिसऱ्या महिन्यात तिचा फोन आला. दाढ काढायची होती आणि भूल दिल्यावर चोवीस तास पाजू नका असे तिला सांगण्यात आले होते. तेवढीच जागा बधिर करण्यासाठी दिलेल्या लिडोकेनचे दुधात फारच थोडे अंश येतात आणि बाळाच्या आतड्यातून ते नीट शोषलेही जात नाहीत, तेव्हा दाढ काढून झाल्याबरोबर पाजायला हरकत नव्हती. नंतरच्या दुखण्यासाठी आयबुप्रोफेन चालणार होते. फोन ठेवण्याआधी तिने दंतवैद्यांनी लिहून दिलेल्या दुसऱ्या गोळीचे घटक स्वतःहून वाचून दाखवले. त्यात ट्रॅमाडॉल होते. ती गोळी तिने घेतली नाही.